मातीच्या बैलाचं थ्रीडी मॉडेल वाकवलं की टेक्श्चर ताणलं जातंय, कोणतं सॉफ्टवेअर आणि कोणती पद्धत?

बोरीकाठ_अमळनेर

नमस्कार मंडळी. प्रश्न लांबलाय पण सगळं सांगितल्याशिवाय अडचण कळणार नाही म्हणून सविस्तर लिहितोय.

आमच्याकडे पोळ्याला पूजेचे पाच बैल माझी मोठी आई घरीच करते, बाजारातून कधी आणले नाहीत. शेतातली काळी माती चाळून भिजवायची आणि त्यात कापूस मळायचा, कापूस असला की वाळताना माती तडकत नाही. तिचं वय आता ७८, हात थरथरतो, यंदा पहिल्यांदाच म्हणाली की पुढच्या साली माझ्याच्याने होणार नाही. मग पूजेच्या आधी मोबाईलवर फोटो काढून घेतले. दुसऱ्या दिवशी नेहमीप्रमाणे बैल बोरी नदीत सोडले, म्हणजे आता परत फोटो काढायला बैलच नाहीत.

एका बैलाचे चहूबाजूंनी १४० फोटो आहेत, दिवस ढगाळ होता त्यामुळे सावल्या कडक नाहीत. बाकीच्या चौघांचे मात्र चार-चार पाच-पाचच, ते पण एकाच बाजूने, कारण तोवर नैवेद्य तयार झाला होता आणि सगळे खोळंबले होते. मित्राच्या कॉम्प्युटरवर एनव्हिडियाचं ग्राफिक्स कार्ड आहे, तिथे मेशरूममध्ये (फोटोंवरून थ्रीडी मॉडेल बनवणारं सॉफ्टवेअर) त्या एका बैलाचं मॉडेल बनवलं आणि ते इतकं छान आलं की वशिंडावर मोठ्या आईच्या अंगठ्याचा ठसा स्पष्ट दिसतो. मॉडेलचा पृष्ठभाग ८ लाख त्रिकोणांच्या जाळ्याचा आहे.

आता मला त्या एकावरून बाकीचे चार करायचेत. प्रत्येकाची मान वेगळी होती, एकाने खाली घातलेली, एक डावीकडे बघणारा, एकाचं वशिंड मोठं. गेरूचे पट्टे आणि चुन्याचे ठिपके पण वेगवेगळे. पाचही तयार झाले की सुरतला काका आहेत, पुण्याला बहीण आहे, त्यांना मोबाईलवर फिरवून बघता यावेत एवढीच इच्छा.

अडचण अशी की मेशरूमने दिलेलं टेक्श्चर, म्हणजे मॉडेलवर चढवायचं रंगाचं सपाट चित्र, गिंप या चित्रं रंगवायच्या सॉफ्टवेअरमध्ये उघडलं तर बांगड्या फुटून विखुरल्यासारखे शेकडो तुकडे दिसतात, पाठ कुठे आणि पाय कुठे काही कळत नाही, त्यावर ठिपके काय रंगवणार. आणि ब्लेंडर या थ्रीडी सॉफ्टवेअरमध्ये लॅटिस (मॉडेलभोवतीचा वाकवता येणारा जाळीचा पिंजरा) लावून मान खाली ओढली तर मानेवरचे बोटांचे ठसे खापरावरच्या मांड्यासारखे ताणले जातात. माझ्या लॅपटॉपला कार्ड नाही, रॅम ८ जीबी. कोणी हे काम केलंय का?

जंक्शन_भुसावळ

सबस्टन्स पेंटर घ्या, त्यात रंगवणं सोपं आहे. आणि मान वाकवायला लॅटिस कशाला, आर्मेचर टाका, हाडं बसवा, पाहिजे तशी मान फिरवा.

लळिंग_पायथा

मी धुळ्याचा, सध्या पुण्यात गेमचं काम करतो, बाराही महिने हेच चालू असतं. भुसावळचे दादा म्हणताय ते चुकीचं नाही पण या कामाला मी दोन्ही करणार नाही. सबस्टन्सला पैसे लागतात आणि ८ जीबी रॅमवर तो रडवतो, पाच बैलांसाठी ब्लेंडर आणि गिंप किंवा कृता बास आहे. आणि हाडं टाकली की मॉडेल सांध्यात वाकतं, जिवंत जनावराला ते बरोबर आहे, पण हा मातीचा बैल आहे. ओल्या मातीची मान दाबली तर ती सांध्यात मोडत नाही, सगळीकडून थोडी थोडी कलते. ते लॅटिसमध्येच खरं दिसतं. सेडरबर्ग आणि पॅरी यांनी १९८६ साली ही पद्धत मांडली तेव्हा त्यांनी उदाहरणच असं दिलं होतं की वस्तू एका मऊ पारदर्शक प्लॅस्टिकच्या ठोकळ्यात घातलीय आणि आपण ठोकळा वाकवतोय, आतली वस्तू आपोआप वाकते. तुमच्या बैलाला हेच पाहिजे.

आता मूळ गोष्ट. तुम्ही क्रम उलटा लावलाय. ८ लाख त्रिकोणांचा स्कॅन थेट वाकवायचा नाही आणि त्याचं टेक्श्चर थेट रंगवायचं नाही. स्कॅन म्हणजे तुमचा अस्सल कागद, तो कपाटात ठेवा. त्याच्यावरून एक हलका बैल बनवा, १०-१२ हजार चौकोनांचा. आधी व्हॉक्सेल रिमेश करून (अख्खं जाळं नव्याने विणून) भोकं बुजवा नाहीतर पुढे क्वाड्रीफ्लो अडून बसतो, मग चौकोनांचं जाळं बनवायला क्वाड्रीफ्लो नाहीतर इन्स्टंट मेशेस, दोन्ही फुकट. रिमेश केलं की जुने यूव्ही, म्हणजे कातडीचा कोणता भाग सपाट चित्रात कुठे येतो तो नकाशा, जातात, घाबरू नका, ते तसेही कामाचे नव्हते. मेशरूमला फक्त रंग कुठेतरी साठवायचा असतो, माणूस त्यावर ब्रश चालवणार आहे हे त्याच्या हिशोबात नसतं.

मग हलक्या बैलाला स्वतःच्या हाताने सीम (शिवणी) द्या, अनरॅप करा (कातडी सपाट उलगडा) आणि स्कॅनवरून रंग बेक करा, म्हणजे हलक्या बैलाच्या टेक्श्चरमध्ये उतरवा. सायकल्स इंजिन, बेक टाइप डिफ्यूज, डायरेक्ट आणि इनडायरेक्ट दोन्ही बंद, फक्त कलर चालू, सिलेक्टेड टू अॅक्टिव्ह चालू. कार्ड नसलं तरी प्रोसेसरवर होतं, रात्री लावून झोपा. मार्जिन १६ पिक्सेल राहू द्या म्हणजे शिवणीवर पांढरी रेघ येत नाही.

बोटांच्या ठशांसाठी दुसरं बेक, नॉर्मल मॅप (पृष्ठभाग कुठे कसा कलतो ते साठवून उंचसखलपणा दाखवणारं चित्र), आणि इथे लक्ष द्या कारण तुमची अर्धी अडचण इथे सुटते. स्पेस टँजंट ठेवा, ऑब्जेक्ट नाही. ऑब्जेक्ट स्पेसमध्ये प्रत्येक पिक्सेलची दिशा बैलाच्या मूळ उभ्या स्थितीत गोठलेली असते, मान खाली घातली की उजेड चुकीच्या बाजूने पडल्यासारखा दिसतो. टँजंट स्पेसमध्ये दिशा त्या-त्या जागेच्या कातडीच्या हिशोबाने असते, कातडी वळली की ठसापण तिच्याबरोबर वळतो. दोन्ही बेक बैल सरळ उभा असतानाच करायचे, वाकवणं सगळ्यात शेवटी. यूव्ही व्हर्टेक्सला (जाळ्याच्या कोपऱ्यातल्या बिंदूला) चिकटलेले असतात, लॅटिस व्हर्टेक्स हलवतो पण यूव्हीला हात लावत नाही, त्यामुळे रंगकाम एकदाच होतं.

सातपुडा_शहादा

भाऊ, काम एक नंबर शे. फोटो टाका ना आमच्यासाठी पण.

शिलाई_चाळीसगाव

सीम कुठे द्यायच्या ते सांगते, लळिंगभाऊंनी तिथे घाई केली. माझी आई पस्तीस वर्षं ब्लाऊज शिवतेय आणि मी फ्लेक्सच्या दुकानात डिझाइन करते, ब्लेंडर शिकताना मला हे सगळ्यात पटकन कळलं ते आईमुळे.

सपाट कापडातून गोल अंग झाकायचं हाच प्रश्न शिंप्याचा आणि हाच यूव्हीचा, फक्त आपण उलट्या बाजूने येतो, अंग आधीच तयार असतं आणि त्याचं कापड उसवून टेबलावर पसरायचं असतं. शिवण कुठे देतात तर जिथे नजर जात नाही तिथे, काखेत, कडेला. बैलाला पण तसंच, पोटाखालून मधोमध एक लांब रेघ, चारी पायांच्या आतल्या बाजूने, शेपटीखाली, कानांच्या मागून. शिंगं वेगळी कापा, प्रत्येकाला बुडाशी एक गोल आणि आतल्या अंगाने एक उभी. शिंग म्हणजे वाकडा शंकू, तो उलगडला की जवळपास सपाट होतो. पाठ मात्र अखंड ठेवा, झुलीचे पट्टे तिथेच आहेत ना, मधून शिवण गेली तर पट्टा जुळवता जुळवता जीव जाईल.

वशिंड अवघड आहे. ते फुगीर आहे, नुसतं उलगडलं तर टोकाशी दाटतं आणि कडेला ताणतं. आम्ही ब्लाऊजला जसे टक्स घालतो तसा एक छोटा टक्स द्या, म्हणजे वशिंडाच्या मागच्या उतारावर एक आखूड सीम, पूर्ण गोल कापायचं नाही. फोटोत समोरून दिसणार नाही आणि ताण निघून जातो.

मग चेकरचं चित्र लावून बघा, ब्लेंडरमध्ये नवीन इमेज घेताना यूव्ही ग्रिड म्हणून मिळतं. चौकटी सगळीकडे चौकोनीच आणि एकाच मापाच्या दिसल्या पाहिजेत. शिंगावर बारीक आणि पाठीवर मोठ्या दिसल्या तर अॅव्हरेज आयलंड्स स्केल दाबा. मी फिरवून फिरवून दहा वेळा बघते, हा कंटाळा केला तर पुढचं सगळं फुकट जातं.

तापी_पूर्णा

शिलाईताईंनी टक्सचं सांगितलं त्याच्या मागे गणित आहे. गाऊसने १८२७ साली दाखवलं की पृष्ठभागाची वक्रता ही न ताणता न फाडता बदलत नाही. पाइप किंवा शंकू सपाट होतो कारण त्याची ही वक्रता शून्यच असते, पण वशिंड, गाल, पोट हे सपाट होणारच नाहीत, कोणतंही सॉफ्टवेअर आणा. म्हणून अनरॅपच्या प्रत्येक पद्धतीत कशाचा तरी बळी जातो. ब्लेंडरमधल्या कन्फॉर्मल या अनरॅपच्या पर्यायामागे २००२ ची लेव्ही आणि सहकाऱ्यांची पद्धत आहे, ती कोन सांभाळते आणि माप सोडते. ब्लेंडर ४.३ पासून मिनिमम स्ट्रेच म्हणून नवा पर्याय आलाय, तो कोन आणि माप दोन्हींचा थोडा थोडा तोटा घेऊन वाटणी करतो. ठिपके गोल दिसायला कोन महत्त्वाचा, ठशांचा आकार सगळीकडे सारखा राहायला माप, म्हणून मी या बैलाला मिनिमम स्ट्रेच वापरीन.

आणि आपल्याच भागातली गोष्ट आहे म्हणून सांगतो. भास्कराचार्यांनी सिद्धांतशिरोमणी ११५० साली लिहिला, त्यात गोलाच्या पृष्ठभागाचं क्षेत्रफळ काढताना ते मातीचा किंवा लाकडाचा गोल घ्यायला सांगतात आणि आवळ्यावर जशा उभ्या रेघा असतात तशा फाका त्यावर कल्पायला सांगतात, एकेका फाकेचं क्षेत्रफळ काढून बेरीज. आपण चेंडूला सीम देतो ती हीच फाक. त्यांच्या ग्रंथांच्या अभ्यासासाठी नातवाने, चांगदेवाने, मठ काढला त्याचा १२०७ सालचा शिलालेख चाळीसगावजवळ पाटणादेवीला आहे. चाळीसगावच्या ताईंना मी काय सांगावं, पण मातीचा गोल आणि मातीचा बैल हे वाचून राहवलं नाही.

शिलाई_चाळीसगाव

शिलालेख माहीत होता, आवळ्याचं माहीत नव्हतं. आईला वाचून दाखवलं. ती म्हणाली आवळा कशाला, मोसंबी सोला, तेच आहे.

बोरीकाठ_अमळनेर

सगळ्यांचे मनापासून आभार. चार दिवस लागले पण हलका बैल झाला, ११ हजार चौकोन. सीम शिलाईताईंनी सांगितल्या तशाच, वशिंडाला टक्स दिला आणि चेकर बघितला तर खरंच चौकटी सरळ झाल्या. यूव्ही उघडलं की आता बैलाची कातडी पसरल्यासारखी दिसते, पाठ, पाय, कान सगळं ओळखू येतं. रंग बेक झाला.

नॉर्मल मॅपला दोन गोष्टी अडल्या. पहिली, लावल्यावर सगळ्या अंगावर चमकदार डाग आणि शिवणी दिसताहेत. दुसरी, पोटाखाली आणि कानात काळे-निळे चट्टे. आणि मान अर्ध्याच्या वर खाली नेली की ठसे थोडे ताणतातच.

लळिंग_पायथा

पहिल्यासाठी इमेज नोडमध्ये कलर स्पेस नॉन-कलर करा. नॉर्मल मॅप हे चित्र नाही, आकडे आहेत, त्याला एसआरजीबी (नेहमीचं रंगीत चित्र) समजून वाचलं की आकडे बदलतात. नव्वद टक्के लोकांचं इथेच अडतं.

दुसरं, बेकची किरणं स्कॅनपर्यंत पोचत नाहीयेत किंवा भलतीकडे आदळताहेत. पोटाखाली पायाचा पृष्ठभाग जवळ असतो, एक्स्ट्रूजन (किरण किती बाहेरून सोडायचा ते अंतर) जास्त दिलं तर किरण पोटाऐवजी पायावरून निघतो. कमी करून बघा, तरी नाही गेलं तर केज वापरा, म्हणजे हलक्या बैलाची प्रत घेऊन ती थोडी फुगवायची, पोटाखाली आणि कानात कमी फुगवायची, आणि केज म्हणून द्यायची. प्रतीत चौकोन वाढवायचे-कमी करायचे नाहीत, मोजणी तीच लागते.

तिसऱ्याला जादू नाही. कातडी ताणली की तिच्यावरचं ताणणारच. पण मान एकाच ठिकाणी ओढू नका. लॅटिसला उभे-आडवे जास्त भाग द्या, आणि मान खाली नेताना खांद्याचे बिंदू पण थोडे पुढे घ्या, म्हणजे ताण मानेपासून पाठीपर्यंत वाटला जातो. मोठ्या आईने पण मान खाली केली असेल तेव्हा खांद्याकडची माती पुढे सरकवलीच असेल ना. आणि लॅटिसचे बिंदू एडिट मोडमध्येच हलवा, ऑब्जेक्ट मोडमध्ये अख्खा लॅटिस मोठा केला तर बैल मोठा होत नाही, यात मी स्वतः पहिल्या वर्षी दोन दिवस घालवलेत. मागचे पाय हलायला नको असतील तर व्हर्टेक्स ग्रुप करून (कोणता बिंदू किती हलावा ते रंगवून) लॅटिस मॉडिफायरला द्या, रंग हळूहळू फिका करत न्या, एकदम तोडू नका.

जिथे फारच ताणलंय तिथे लॅटिस अप्लाय करून दुसरा यूव्ही मॅप बनवा, वाकलेल्या स्थितीत परत अनरॅप करा आणि जुन्यावरून नव्यावर बेक करा. बेक करताना यादीत नवा निवडलेला ठेवा आणि इमेज नोडला यूव्ही मॅप नोडमधून जुना द्या. ठसा ताणलेलाच राहील, पण तिथे पिक्सेल पुरेसे मिळतात आणि वरून नीट रंगवता येतं.

तापी_पूर्णा

रंगकामाचं राहिलं. बाकी चार बैलांचे एका बाजूचे फोटो आहेत ना, ते वाया घालवू नका. टेक्श्चर पेंटमध्ये ब्रशला फोटो द्या, मॅपिंग स्टेन्सिल करा, वाकवलेला बैल फोटोच्या कोनात फिरवा आणि फोटोतलेच गेरूचे पट्टे मॉडेलवर उतरवा. अंदाजाने रंगवण्यापेक्षा हे खरं. दुसऱ्या बाजूला फोटो नाही तिथे मोठ्या आईंना विचारा, ठिपके किती आणि कुठे ते त्यांना नक्की आठवत असेल.

कच्च्या मातीला खडबडीतपणा हवा म्हणून नॉइज टेक्श्चर (आपोआप बनणारा खरखरीत नमुना) टाकणार असाल तर जनरेटेड कोऑर्डिनेट घ्या, ऑब्जेक्ट नको. जनरेटेड न वाकलेल्या बैलावरून मोजलेले असतात, नॉइज कातडीला धरून राहतो. ऑब्जेक्ट घेतलं तर मान हलवली की कातडी नॉइजखालून सरकते.

जंक्शन_भुसावळ

लॅटिसचं पटलं मला, करून बघितलं. पण एक शंका. पाचही बैल एकाच स्कॅनवरून निघणार म्हणजे पाचही वशिंडांवर तोच अंगठा त्याच जागी. रांगेत ठेवले की नजरेत येणारच.

शिलाई_चाळीसगाव

बरोबर पकडलं भुसावळकरांनी, मला पण तेच खटकत होतं. आमच्याकडे कापडाचा नग संपला तर त्याच गिरणीतलं दुसरं कापड शोधतात, तोच तुकडा पाच ठिकाणी नाही वापरत.

बोरीकाठ दादा, मोठ्या आईला बैल करणं जमणार नाही म्हणाली, पण मातीच्या गोळ्याला अंगठा दाबणं जमेल ना. तीच माती, तसाच कापूस मळून एक पोळीएवढी चपटी पाटी करा, तिच्यासमोर ठेवा आणि बैल करताना जशी दाबते, ओढते, कान चिमटते तसं तिला करू द्या. वीस-पंचवीस जागी. वाळण्याआधी आणि वाळल्यावर दोन्ही वेळा फोटो काढा, सपाट असल्याने ४०-५० फोटोंत भागेल. त्या पाटीचा पण स्कॅन करून त्यावरून उंचीचा ग्रे नकाशा काढला की तिचाच प्रत्येक ठसा शिक्क्यासारखा ब्रशला लावता येतो. स्कल्प्टमध्ये जाऊन प्रत्येक बैलाच्या दाट प्रतीवर वेगळ्या जागी उठवा आणि नॉर्मल परत बेक करा. मानेवर ताणलेले ठसे आहेत ते आधी स्मूथने पुसून तिथे नवे द्या.

लळिंग_पायथा

हे मला सुचलं नव्हतं. असंच करा. दाट प्रतीला मल्टिरेस मॉडिफायर (जाळं टप्प्याटप्प्याने दाट करणारा) लावा, ८ जीबीवर एका वेळी एकच बैल उघडा.

मोबाईलसाठी जीएलबी फाइल काढताना लॅटिस अप्लाय झाला पाहिजे, एक्स्पोर्टमध्ये अप्लाय मॉडिफायर्सची खूण आहे. नॉर्मल मॅप ब्लेंडर ओपनजीएल पद्धतीने देतो आणि जीएलटीएफला (जीएलबी त्याचंच रूप) तोच लागतो, हिरवा चॅनल उलटा करायच्या भानगडीत पडू नका. टेक्श्चर २ हजार पिक्सेलचं पुरे, सुरतच्या काकांचा फोन जुना असेल तर १ हजार.

बोरीकाठ_अमळनेर

उशिरा लिहितोय, मध्ये कापूस वेचणी होती.

पाटी केली. मोठ्या आईला सांगितलं की बैलाचं कॉम्प्युटरमध्ये चाललंय, तुझे ठसे पाहिजेत, तर आधी म्हणाली ठसे कशाला, पेन्शनला घेतात तेवढे पुरे. मग माती हातात आल्यावर थांबेचना. पाटीवर कान चिमटले, नाकपुड्या काढल्या, वशिंड चढवताना अंगठा खालून वर कसा ओढते ते पाच वेळा करून दाखवलं. थरथर आहे त्यामुळे ओढलेल्या ठशाला बारीक लाटा आल्यात, त्या यंदाच्या बैलांवर पण होत्याच, स्कॅनमध्ये आता ओळखू येतात. ५२ फोटो झाले.

दोन बैल पूर्ण झालेत, काळे चट्टे केजने गेले. लॅपटॉपवर तिला दाखवले. मान खाली घातलेल्याला बघून म्हणाली, हा चारा खातोय, बरोबर आहे. दुसऱ्याला बघून म्हणाली याचं वशिंड मागे गेलंय, वशिंड खांद्यावर पाहिजे, जू कुठे ठेवशील. फोटोशी ताडून बघितलं तर खरंच लॅटिसमध्ये खांदे पुढे घेताना वशिंड मागेच राहिलं होतं. वशिंडाचे व्हर्टेक्स पण त्या ग्रुपमध्ये पूर्ण घेतले, आता जूपुरती जागा मोकळी झालीय. उद्या तिला परत दाखवतो आणि मग डावीकडे बघणाऱ्याला हात घालतो. त्याच्या उजव्या अंगावर ठिपके सात होते असं ती म्हणतेय.